लठ्ठ कण्हेर: फुगीर बुंध्याच्या झाडांचा छंद कसा जन्मला

११ जुलै १७६३. येमेनच्या डोंगराळ मुलखातील यरीम या गावी पेटर फोर्स्कोल हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ हिवतापाने मरण पावला. वय अवघे एकतीस. त्याच्या टिपणांत एका झाडाची नोंद होती: फुले कण्हेरीसारखी, पण बुंधा असा फुगलेला की जणू कोणी त्यात हवा भरली असावी. फोर्स्कोलने त्याला लॅटिनमध्ये 'नेरियम ओबेसम' असे नाव दिले. नेरियम म्हणजे कण्हेर आणि ओबेसम म्हणजे स्थूल. सरळ मराठीत सांगायचे तर 'लठ्ठ कण्हेर'. आज पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर, बाल्कनीच्या कठड्यांवर आणि रोपवाटिकांच्या पहिल्या रांगेत दिसणारे अडेनियम ते हेच.

या झाडाची आणि त्याच्या भाईबंदांची कथा वरवर पाहता बागकामाची आहे. प्रत्यक्षात तीत राजाश्रयाने निघालेल्या मोहिमा आहेत, कुंडीत दोनशे वर्षे काढलेले एक झाड आहे, एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचा मिस्किल ग्रंथ आहे आणि आजही थांबलेली नाही अशी लूट आहे.

प्रथम फोर्स्कोलविषयी. हा लिनियसचा शिष्य. बुद्धीने तल्लख, स्वभावाने हट्टी. १७५९ साली नागरी स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहून त्याने स्वीडिश सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला होता. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी मोहीम काढली, तेव्हा तीत निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्याची निवड झाली. जानेवारी १७६१ मध्ये सहा जण कोपनहेगनहून निघाले: भाषातज्ज्ञ फॉन हाफेन, निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्कोल, नकाशाकार कार्स्टेन नीबूर, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरनफाइंड आणि सेवक बेर्गग्रेन.

हे सहाही जण येमेनला पोहोचले. परत एकच आला. मे १७६३ मध्ये मोखा येथे फॉन हाफेन गेला, जुलैमध्ये फोर्स्कोल. उरलेले आजारी लोक ऑगस्टमध्ये मोखाहून मुंबईच्या जहाजावर चढले आणि वाटेतच, लागोपाठच्या दोन दिवसांत, चित्रकार आणि सेवक दोघांनाही समुद्रात सोडावे लागले. सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरात उतरले ते फक्त नीबूर आणि क्रामर. पुढच्या फेब्रुवारीत क्रामरही मुंबईतच निवर्तला.

नीबूर मुंबईत वर्षभराहून अधिक काळ राहिला. अंगात कसर असतानाही तो घारापुरीला गेला, लेण्यांची मोजमापे घेतली, आराखडे आणि चित्रे काढली; पुढे ती त्याच्या प्रवासवर्णनात प्रसिद्ध झाली. घारापुरीच्या अभ्यासाच्या इतिहासात नीबूरचे नाव आदराने घेतले जाते. मात्र हाच मनुष्य अडेनियमचाही पालक आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १७६७ साली कोपनहेगनला परतल्यावर त्याने मृत मित्राची टिपणे जुळवली आणि १७७५ मध्ये इजिप्त व अरबस्तानच्या वनस्पतींवरील फोर्स्कोलचा ग्रंथ स्वतः संपादित करून छापला. 'लठ्ठ कण्हेर' जगासमोर आली ती या ग्रंथातून. नीबूरने हे कष्ट घेतले नसते, तर ते नाव त्या टिपणांतच पडून राहिले असते.

लिनियसनेही शिष्याचे स्मरण ठेवले. खाजकुइलीच्या नव्हे, पण खाजरीच्या जातकुळीतील एका चिवट, अंगाला चिकटणाऱ्या झुडपाला त्याने फोर्स्कोलचे नाव दिले आणि पुढे 'अत्यंत चिवट' या अर्थाचे विशेषण जोडले. गुरूच्या या श्रद्धांजलीत कौतुक किती आणि चिमटा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले की हे झाड कण्हेरीच्या कुळातील असले तरी कण्हेर नव्हे. १८१९ साली रोमर आणि शुल्टेस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला 'अडेनियम' या स्वतंत्र प्रजातीत घातले. हे नाव झाडाच्या स्थानिक अरबी नावावरून आले असून त्याचा संबंध सामान्यतः एडन बंदराशी जोडला जातो. 'ओबेसम' मात्र कायम राहिले. लठ्ठपणा काही सुटला नाही.

या कुळाची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यावी लागत नाही. कण्हेर, चाफा, रुई, सातवीण, कुडा, सदाफुली आणि चक्क करवंद ही सारी त्याच कुळातली. तोडल्यावर पांढरा चीक येणे हे त्यांचे घराणेशाही लक्षण. अडेनियमचा चीक विषारी आहे. हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी द्रव्ये त्यात असतात. पूर्व आफ्रिकेतील शिकारी पिढ्यान्‌पिढ्या त्यापासून बाणांना लावायचे विष करीत आले. गच्चीवरच्या गुलाबी फुलांकडे पाहून हे सहसा आठवत नाही, पण छाटणीनंतर हात धुण्याची सवय लावून घेतलेली बरी.

आता त्या फुगीर बुंध्याविषयी. ज्या प्रदेशांत वर्षातील काही आठवडेच पाऊस पडतो, तेथे झाडापुढे दोनच मार्ग उरतात: मुळे खोल नेणे किंवा पाणी साठवणे. या झाडांनी दुसरा पत्करला. खोडात लाकूड कमी आणि मऊ, पाणी धरून ठेवणाऱ्या पेशी अधिक. अवर्षणात पाने गळतात, वाढ थांबते आणि झाड आपल्या पोटातील साठ्यावर दिवस काढते. साठा कधी खोडात असतो, कधी मुळात, कधी दोहोंच्या सांध्यावरील गड्ड्यात. या गड्ड्याला छांदिष्ट मंडळी 'कॉडेक्स' म्हणतात.

ही युक्ती एकाच कुळाची मिरासदारी नाही. कण्हेरीच्या कुळात ती आहे, द्राक्षाच्या कुळात आहे, कृष्णकमळाच्या कुळात आहे, आंब्याच्या कुळातही आहे. सोकोत्रा बेटावर तर काकडीच्या कुळातील एक वनस्पती चक्क फुगीर बुंध्याचा वृक्ष होऊन उभी आहे. वसईच्या किल्ल्यात ज्याने गोरखचिंच पाहिली आहे, त्याने या जातीच्या देहयष्टीचा सर्वांत भव्य नमुना पाहिलेलाच आहे. आफ्रिकेतून आलेला तो वृक्षही पाण्याच्या साठ्यावरच जगतो.

अशा झाडांना घरात आणून मिरवण्याची हौस युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस बळावली. आफ्रिकेचे दक्षिण टोक त्या काळी वनस्पतिसंग्राहकांचे पंढरपूर झाले होते. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेसाठी फ्रांत्स बोस आणि गेओर्ग शोल या दोन बागवानांना तिकडे धाडले. ते १७८६ मध्ये केपला पोहोचले. बोस दोन वर्षांत परतला. शोल मात्र १७९९ पर्यंत तेथेच राहिला. त्यांनी पाठवलेल्या वनस्पतींत एक ओबडधोबड गड्डा होता. त्यातून बारीक वेल निघे आणि वेलीला कुरळ्या कडांची लहान पाने येत. हीच ती 'फोकिया'.

त्या एका गड्ड्याची कहाणी विलक्षण आहे. शोनब्रुनमध्ये तो जगला, पण त्याच्यासारखा दुसरा कोणालाच कोठे सापडेना. एकोणिसावे शतक उलटत आले तरी केपमधून तशी वनस्पती पुन्हा आली नाही आणि व्हिएन्नाच्या कुंडीतील झाड हे आपल्या जातीचे जगातील अखेरचे झाड आहे, असा समज दृढ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेच्या कारू या कोरड्या प्रदेशात ती वनस्पती पुन्हा मिळाली, आणि तीही विरळा नव्हती! ती नाहीशी झालेलीच नव्हती. जमिनीखाली गड्डा आणि वर झुडपांत गुंतलेली क्षुल्लक वेल, एवढेच तिचे रूप. युरोपीय संग्राहकांना ती दिसत नव्हती, इतकेच.

यात या छंदाचे एक मर्म दडले आहे. फोकियाचा गड्डा निसर्गात मातीखाली असतो. ऊन, वणवा आणि भुकेली जनावरे यांपासून तो तेथे सुरक्षित राहतो. राजवाड्यातील कुंडीत मात्र तो मातीच्या वर काढून मांडला गेला, कारण पाहण्याजोगे होते ते तेच. झाडाने जे लपवले, ते माणसाने मखरात बसवले. जाणकार माळी आजही सांगतात की गड्डा मातीत असताना जलद वाढतो आणि उघडा केला की वाढ मंदावते. म्हणजे शोभेची किंमत झाड वाढीने मोजते.

व्हिएन्नाचा तो गड्डा दोन महायुद्धे आणि एका साम्राज्याचा अस्त पाहून अजून शोनब्रुनमध्ये आहे. कुंडीतील सर्वांत वृद्ध मांसल वनस्पती म्हणून त्याचा उल्लेख होतो.

केपमधून आलेला दुसरा मानकरी म्हणजे 'हत्तीपाय'. येथे एक खुलासा आवश्यक आहे: इंग्रजीत सुरणालाही हत्तीच्या पायाचेच नाव आहे, पण हा तो नव्हे. हा करांद्याच्या प्रजातीतला. त्याचा गड्डा जमिनीवर अर्धगोलासारखा बसतो आणि वयाबरोबर त्याची साल तडकून बहुकोनी खवले तयार होतात. कासवाच्या पाठीची आठवण व्हावी असे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला शास्त्रीय नाव दिले. स्थानिक खोईखोई लोक दुष्काळात त्याचा पिठूळ गर शिजवून खात. युरोपीय वसाहतकारांनी या लोकांना एक हेटाळणीचे नाव दिले होते आणि या गड्ड्याला ते त्या लोकांची 'भाकरी' म्हणत. एकाच्या अडीअडचणीचे अन्न दुसऱ्याच्या काचगृहातील कुतूहल झाले.

याच प्रजातीच्या आणखी एका दक्षिण आफ्रिकी वनस्पतीवर विसाव्या शतकात वेगळेच संकट आले. करांद्याच्या काही जातींतील द्रव्यापासून कॉर्टिसोनसारखी औषधे बनवता येतात हे कळताच, १९५० च्या दशकात तिचे गड्डे मोठ्या प्रमाणावर उपटले गेले. तेथे दोष हौसेचा नव्हता, औषधाच्या बाजाराचा होता. पण शंभर वर्षांचा गड्डा एका दुपारी खणून निघतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

एकोणिसाव्या शतकातील श्रीमंतांच्या काचगृहांत ही झाडे होती खरी, पण छंद म्हणून त्यांना वेगळे नाव नव्हते. निवडुंगाच्या गर्दीत ती कोपऱ्यात उभी असत. ते नाव आणि तो दर्जा विसाव्या शतकात मिळाला. १९४९ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर याने आपल्या बहुचर्चित 'ड्यूरियन सिद्धान्ता'त जाड खोडाच्या, विरळ फांद्यांच्या झाडांसाठी 'पॅकिकॉल' हा शब्द वापरला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जाड खोड. आजचे वृक्ष अशा जाडजूड पूर्वजांपासून निघाले असावेत असे त्याचे म्हणणे होते. सिद्धान्त फारसा टिकला नाही, शब्द टिकला.

खरे श्रेय मात्र इंग्लंडमधील रेडिंगच्या गॉर्डन रॉली याचे. आयुष्यभर मांसल वनस्पतींत रमलेला हा विद्वान (१९२१–२०१९) गंभीर शास्त्र विनोदाच्या अंगाने सांगे. १९८७ साली कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जाडजूड ग्रंथाने या पंथाला त्याची पोथी दिली. ग्रंथाच्या उपशीर्षकात बाटलीझाडे, पिंपझाडे, हत्तीझाडे आणि त्यांचे सगेसोयरे अशी सारी वरात आहे. फुगीर बुंध्याच्या झाडांसाठी 'कॉडिसिफॉर्म' ही संज्ञा रूढ होण्यात त्याचा वाटा मोठा आहे. हा शास्त्रीय गट नव्हे, हे तो जाणून होता. नाते रक्ताचे नाही, फक्त पोटाचे! परस्परांशी काडीचा संबंध नसलेली झाडे केवळ देहाकारामुळे एका पंगतीला बसली.

हा ग्रंथ कॅलिफोर्नियात निघाला, हेही साहजिक होते. तेथील हवा या झाडांना मानवते आणि अमेरिकेची निवडुंग व मांसल वनस्पतींची राष्ट्रीय संस्था १९२९ मध्ये तेथेच स्थापन झाली होती. लॉस एंजेलिसजवळच्या आर्केडिया येथील वृक्षोद्यानात भरणारे वार्षिक प्रदर्शन हा या छंदाचा मोठा मेळा. तेथे झाड केवळ निरोगी असून भागत नाही. कुंडी कोणती, झाड तिच्यात कोणत्या कोनात बसवले आहे, वरून पसरलेली खडी झाडाच्या मूळ भूमीशी जुळते की नाही, मुळांचा कोणता भाग उघडा ठेवला आहे, हे सारे परीक्षक पाहतात. झाड काही महिने तरी प्रदर्शकाच्याच ताब्यात असावे, असाही नियम अनेक ठिकाणी असतो, कारण आदल्या दिवशी विकत घेऊन दुसऱ्या दिवशी पारितोषिक मिरवणारे सर्वत्र असतात. जपानी बोन्सायच्या सौंदर्यदृष्टीचा येथे स्पष्ट ठसा दिसतो. खास या झाडांसाठी मातकट, खडबडीत कुंड्या घडवणारे कुंभारही या निमित्ताने पुढे आले.

इकडे आशियात अडेनियमने आपला स्वतंत्र संसार थाटला. येथे लोकांना बुंध्याइतकीच फुलांची ओढ होती. थायलंड आणि तैवानमधील उत्पादकांनी निवड आणि संकर करून दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची, काळपट लाल, पिवळी, कडांना रेघ असलेली असंख्य वाणे निपजवली. अमेरिकेत अॅरिझोनातील मार्क डिमिट याने आफ्रिकेतील निरनिराळ्या जातींचे संकर करून अधिक काळ फुलणारी झाडे तयार केली. नावांची गंमत तर पाहण्यासारखी आहे. थाई लोक त्याला 'चुआन चोम' म्हणतात. अर्थ साधारण 'पाहायला बोलावणारे'. व्हिएतनामी लोक त्याला 'थाई चाफा' म्हणतात. इंडोनेशियात तेच झाड 'जपानी चाफा' होते, जरी त्याचा जपानशी काही संबंध नाही. प्रत्येकाने त्याला शेजाऱ्याचे ठरवले. येमेनचे नाव कोणीच घेतले नाही.

या बागकामाची रीत आता महाराष्ट्रातील हौशी मंडळींनाही पाठ झाली आहे. अडेनियमची शेंग जोडीने येते, शिंगांसारखी. बीच्या दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुबके असतात. शेंग उकलली की बी वाऱ्यावर स्वार होते. म्हणून पिकू लागलेली शेंग आधीच दोऱ्याने बांधून ठेवतात. छाटकलमातून झाड होते, पण बियांच्या रोपासारखा डौलदार गड्डा त्याला सहसा येत नाही. म्हणून रीत अशी पडली की बुंधा बियांच्या रोपाचा आणि त्यावर कलम हव्या त्या फुलाचे. दर वेळी कुंडी बदलताना झाड थोडे वर उचलायचे, जाड मुळे पसरून बसवायची. चार-पाच वर्षांत ती मुळे कुंडीवर अशी पसरतात की झाड मांडी घालून बसल्यासारखे वाटते. शत्रू एकच: साचलेले पाणी. कोकणातील पावसात उघड्यावर ठेवलेल्या अडेनियमचा बुंधा आतून कधी सडला हे वरून कळत नाही; बोटाने दाबल्यावर मऊ लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

अडेनियमच्या बाबतीत एक गोष्ट निर्विवाद चांगली घडली. ते बियांपासून झपाट्याने वाढते, दोन-तीन वर्षांत रूपास येते आणि लाखोंनी तयार होते. त्यामुळे बाजारातील सामान्य अडेनियमसाठी येमेन किंवा आफ्रिकेतील डोंगर खणावा लागत नाही. सगळ्यांचे नशीब असे नव्हते.

मादागास्करच्या खडकाळ पठारांवरील पॅकिपोडियम हे त्याचे उदाहरण. त्यातील 'ग्रॅसिलियस' ही जात गोल, करड्या रंगाची, काटेरी बोटे फुटलेल्या कोहळ्यासारखी दिसते. गेल्या दशकात जपानच्या शहरी तरुणांत तिचे वेड पसरले. तेथे कपड्यांच्या आणि फर्निचरच्या दुकानांतही ही झाडे कलावस्तूंसारखी मांडली जाऊ लागली. जपानी छांदिष्टांच्या बोलीत दोन शब्द आहेत: 'गेन्चिक्यू', म्हणजे मूळ भूमीतून उपटून आणलेले झाड, आणि 'मिशो', म्हणजे बीपासून वाढवलेले. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. कारण उघड आहे: वारा, ऊन आणि चराई सोसून झाडावर चढलेले वय कोणत्याही काचगृहात दोन-चार वर्षांत तयार होत नाही. मात्र उपटलेले झाड मुळे तोडून पाठवलेले असते. त्याला नव्याने मुळे फुटणे ही स्वतंत्र तपश्चर्या असते आणि अनेक झाडांना ती साधत नाही. साठ्यावर जगणारे झाड मेल्यावरही काही महिने जिवंत दिसते. विकत घेणारा त्याला पाणी घालत राहतो.

कायदे आहेत. धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, म्हणजे साइट्स, १ जुलै १९७५ पासून अमलात आला. पॅकिपोडियमची संपूर्ण प्रजाती त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात असून तिच्या काही जाती पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहेत. पुढे मादागास्करमधील इतर काही फुगीर बुंध्याची झाडेही यादीत आली. द्राक्षाच्या आणि आंब्याच्या कुळातील गड्डे त्यांत आहेत. २०१६ च्या परिषदेत मेक्सिकोच्या 'बोकार्निया'चा समावेश झाला. आपल्याकडे कार्यालयांच्या स्वागतकक्षात 'बॉटल पाम' म्हणून उभे असते ते हेच. ते पाम नव्हे, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या परिशिष्टातील झाडाचा व्यापार परवान्याने चालू शकतो. परवान्यावरील 'रोपवाटिकेत वाढवलेले' हे शब्द आणि झाडाच्या सालीवरील चरे एकमेकांशी कधीकधी भांडतात, हे जाणकार डोळ्याला दिसते. दक्षिण आफ्रिकेत तर २०१९ नंतर मांसल वनस्पतींच्या चोरीने कहर केला. जेथून शोनब्रुनचा गड्डा गेला, त्या कोरड्या प्रदेशांतून उपटलेली दहा लाखांहून अधिक झाडे अधिकाऱ्यांनी जप्त केली. त्यांत सर्वाधिक संख्या बोटाच्या पेराएवढ्या कोनोफायटमची होती. मोठे गड्डेही त्यातून सुटले नाहीत. अटक होते ती बहुधा पोत्यात झाडे भरणाऱ्या गरीब गावकऱ्याला. त्याच्या हाती पडलेली रक्कम आणि दूरच्या शहरातील दुकानाच्या काचेवर लावलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

जप्त झाडांचे पुढे काय होते, हा प्रश्नही सोपा नाही. ती कोणत्या डोंगरावरून आली हे ठाऊक नसताना परत लावता येत नाहीत. चुकीच्या ठिकाणी लावली तर स्थानिक जातींत मिसळ होते आणि रोगही पसरू शकतो. त्यामुळे वनस्पतिउद्यानांच्या काचगृहांत ती ट्रे भरभरून ठेवावी लागली आहेत.

या साऱ्याची झळ छंदालाही लागली आहे. जपानमध्येच आता काही उत्पादक ग्रॅसिलियसचे बी पेरून, सावलीत आणि उन्हात अदलाबदल करत, गोल देहाची रोपे घडवण्याच्या मागे लागले आहेत. 'मिशो' शब्दाभोवती हळूहळू थोडा अभिमान गोळा होतो आहे. लेबलावर बी पेरल्याचे वर्ष लिहिण्याची प्रथाही त्यातलीच. बी पेरल्यावर पहिल्या वर्षी ते रोप हरभऱ्याएवढे असते. तीन-चार वर्षांत लिंबाएवढे होते. नारळाएवढे व्हायला पेरणाऱ्याचे केस पिकतात.